सुधारून खाली पुन्हा लिहा

टीचरचं मनगटी घड्याळ बंद पडलं आणि ती आपल्या इंग्रजीच्या क्लाससमोरच्या दुकानात शिरली, एवढंच निमित्त. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग वर केलं, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "इंग्रजी शिकवता ना? मलाही शिकायचंय. बहीण परदेशी बोलावतेय."

दुसऱ्याच दिवशी स्वारी सकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर हजर! आणि प्रश्न तर संपता संपत नसत.

"टीचर, इंग्रजी वाक्यात 'आय' कधी गाळलेलं चालतं?"

"चिठ्ठीत, रोजनिशीत. कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं तेव्हा."

"आणि वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नसेल तर...?"

"मग मार्क जातात," ती म्हणाली आणि हसू लपवायला फळ्याकडे वळली. खरं तर तो आला नाही की तिचा अख्खा दिवस बेचव जाई. पण तसं कबूल करेल तर शपथ!

एकदा तिने औपचारिक पत्राचा गृहपाठ दिला. तीस वह्या बसमध्ये धडाधड तपासल्या. घड्याळजीच्या पाचही वाक्यांत 'आय' नव्हतं. तिने पाच लाल 'आय' घातले, नेहमीचा शेरा मारला – सुधारून खाली पुन्हा लिहा – आणि पुढची वही ओढली. हात तपासत होता, डोळे वाचत कुठे होते!

"चुकलंच माझं," वही घेताना तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता... तिला वाटलं, मार्कांमुळे.

शनिवारी त्याने वही परत आणून दिली. "नक्की बघाल ना?"

"सोमवारी बघते हं." रविवारी ती वह्यांना हात लावत नसे, तसा नेमच होता तिचा.

सोमवारी पहिला बाक रिकामा होता. तिने वही उघडली. शेऱ्याखाली सुबक अक्षरात पाच पूर्ण इंग्रजी वाक्यं होती. मी रोज लवकर येतो. मी तुम्हाला जिना चढताना पाहतो. मी हे तोंडाने सांगू शकत नाही. मी रविवारी निघतोय. मी थांबेन, तुम्ही म्हणालात तर.

मधल्या सुट्टीत ती दुकानापर्यंत धावत गेली. दाराला कुलूप होतं. दोनदा सांगितलं होतं त्याने, दुसऱ्यांदा तर अगदी तिच्या नियमात बसवून! तिला रडू आवरेना.

वर्गात परतल्यावर तिने पाचव्या वाक्याखाली मराठीत लिहिलं – थांब. त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं तिने. मग सवयीने ती वही परत द्यायच्या गठ्ठ्यात ठेवली.