शेजारची खुर्ची

वेंगुर्ल्याच्या सागरतळ केंद्रात सकाळी नऊ ते अकरा जयवंत केळुसकरांच्या शेजारची खुर्ची रिकामी असे. त्या दोन तासांत ते समोरच्या पडद्याकडे जितक्या वेळा पाहत, तितक्याच वेळा त्या खुर्चीकडे पाहत.

खुर्ची नफीसा होडेकरची होती. दोघांचं काम एकच. समुद्राच्या तळाशी फिरणारी तळयानं इथे बसून चालवायची आणि तुटलेल्या केबली जोडायच्या. केळुसकरांचा अनुभव बावीस वर्षांचा, नफीसाचा सहा. तरी ती अकराला येई, बुधवारी घरूनच यान चालवी. आणि आता चार हजार मीटर खोल घळीत उतरणारं पहिलं यान चालवायचा मानही तिलाच मिळाला होता. यादी लागली त्या दुपारी केळुसकरांनी डबा उघडलाच नाही. ते तडक डॉ. मंदाकिनी ओकांच्या खोलीत गेले.

केंद्रातली समशीण यंत्रणा ओकबाईंनी बनवली होती. कुणी किती आणि कसं काम करायचं, हे तीच ठरवी.

"मॅडम, होडेकरला एवढ्या सवलती का, ते मला बघायचंय."

"दुसऱ्याच्या नोंदींचं पान दाखवता येत नाही. पण यंत्रणा कशी चालते ते पुन्हा सांगते. बसा." बाईंनी चष्मा पुसला. "दोन मुलांना सारख्याच वजनाची दप्तरं दिली, आणि एकाचा पाय मुरगळलेला असला, तर शाळेत पोचेपर्यंत दोघं सारखी दमतील?"

"नाही."

"मग सारखं काय ठेवायचं? दप्तराचं वजन, की दमणं?"

बाई सांगत गेल्या. प्रत्येकाच्या मनगटावरची शीणपट्टी नाडी, घाम आणि हाताचा कंप मोजते. शीण वाढला की यंत्रणा तो कशाच्या वेळी वाढतो ते पाहते आणि काम बदलते. कुणाला मोठी अक्षरं, कुणाला शांत खोली, कुणाला वेगळी वेळ. त्यासाठी दुसऱ्या कुणाला बदलावं लागणार असेल, तर आधी त्याला विचारते.

"पाय का मुरगळला, हे मात्र तिला ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या. "दुखतोय, एवढंच कळतं."

"माझं काही दुखत नाही. बावीस वर्षांत मी एक सवलत मागितलेली नाही."

"मागावी लागतच नाही. तुमचं पान कधी उघडलंय?"

उघडलं नव्हतं. केंद्रातली जुनी माणसं आपलं पान उघडणं कमीपणाचं मानत. ते आजारी माणसांसाठी, अशी त्यांची समजूत होती. कोरं पान दाखवून बाईंचं तोंड बंद करावं, म्हणून केळुसकरांनी पडद्यावर अंगठा टेकवला. बाईंनी रीतीप्रमाणे खिडकीकडे तोंड फिरवलं.

पान कोरं नव्हतं. पहिली नोंद दोन वर्षांपूर्वीची होती, वार्षिक कसोटीत नफीसाने त्यांना मागे टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

'होडेकर शेजारी असताना शीण दुप्पट. उपाय: त्यांनी अकराला यावं. कारण न सांगता विचारलं. त्या तयार.'

'बुधवारच्या बैठकीत होडेकर समोर असताना शीण सर्वाधिक. उपाय: त्यांनी बुधवारी घरून काम करावं. त्या तयार.'

'खुर्ची रिकामी असतानाही शीण. उपाय: यांच्या वाट्याची एक अवघड जोडणी होडेकरांकडे द्यावी.' या शेवटच्या ओळीखाली तारखाच तारखा होत्या. केळुसकरांनी त्या मोजल्या. एकशे चाळीस.

"मॅडम," ते म्हणाले, "घळीसाठीची निवड कशावरून झाली?"

"अवघड जोडण्यांवरून. ज्याच्या जास्त, त्याचं नाव वर."

"तिच्या आकड्यात एकशे चाळीस माझ्या वाट्याच्या आहेत."

बाईंनी वळून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सवलती बंद करता येतात का, एवढंच विचारलं. येतात, पण मग सगळा शीण तुमचा तुम्हालाच सोसावा लागेल, असं बाईंनी समजावलं. केळुसकरांनी पुन्हा अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता शेजारच्या खुर्चीवर नफीसा होती. डोळ्यांत झोप, हातात चहा.

"कुणाची अडचण मिटली कोण जाणे," ती म्हणाली. "मला मात्र आज पोरीची वेणी सहालाच घालावी लागली. शिव्या द्यायला यंत्रणेनं निदान नाव तरी सांगायचं."

केळुसकरांची शीणपट्टी पिवळी झाली, मग लाल. पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: 'सवलत पुन्हा सुरू करू?' खाली वाट पाहत होती ती बऱ्याच दिवसांतली त्यांची स्वतःची पहिली अवघड जोडणी.

त्यांनी 'नको' दाबलं. यानाचा पंजा केबलीपाशी नेला, आणि तो थरथरला.

"काका, हात का कापतोय?"

"सवय राहिली नाही," केळुसकर म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची वीतभर तिच्याकडे सरकवली. ते एवढं अंतर त्यांना फार जड गेलं. "डाव्या पंज्याची पकड तू कशी धरतेस, ते जरा दाखव."