गाठी नसलेला हरभरा

पुंडलिकनगरातला केशव माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होता आणि वर्षभर टाचदुखीने पुरता जेरीला आला होता. घरातसुद्धा मऊ चपला घालून फिरायचा. बायको शैला त्याला ‘विलायती पाहुणे’ म्हणायची.

म्हणूनच तो मातीच्या नमुन्यासाठी शेतावर गेला आणि तिथली म्हातारी मालकीण मनकर्णाबाई पिकातून ओरडली, तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं.

“बूट बांधावर काढा, सायेब! उभ्या पिकात पायताण नाय चालत.”

म्हातारीचा नियम मोडायची छाती कुणाची? केशव अनवाणी आत गेला.

शेताला लागून नाला होता. वरच्या एका कारखान्यातलं, धातूंना मुलामा चढवून उरलेलं पाणी त्यातून यायचं. इथल्या मातीत कॅडमियमचं विष एवढं निघालं होतं, की केशवने नमुना तीनदा तपासला होता. असल्या मातीत हरभरा पिवळा पडून खुरटायला हवा. हा तर काळपट हिरवा, गुडघ्याच्या वर गेलेला.

त्याने एक झाड उपटलं. मुळांवर एकही गाठ नव्हती. हवेतलं नत्र धरून झाडाला पोसतात त्या गाठीच नाहीत! मग ह्याला पोसतंय कोण? आणखी दहा झाडं उपटली. सगळ्यांची मुळं बोडकी.

म्हातारी पिकात उकिडवी बसली होती. हातात खुरपं होतं, पण खुरपत नव्हती.

“आजी, हे वावर सोडा. विष आहे ह्यात.”

“इथं बरं वाटतंय, बाबा. घरी गेलं की पाय लई ठणकायचे.”

“ठणकायचे म्हणजे? शेवटचं घरी कधी गेलात?”

“तीन दिस झाले.”

तिने कशीबशी एक टाच उचलून दाखवली. खालून दोरे तुटल्यासारखा आवाज आला. तळव्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, ओळीने. एक फुटली. आतून गुलाबी. निरोगी हरभऱ्याची गाठ आतून अशीच असते. केशवने जन्मभर त्या कापून पाहिल्या होत्या.



“उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”

“आले असते रं. सुटत नाय.”

त्याने तिचे दोन्ही हात धरले, मातीत पाय रोवले आणि ओढलं. मूठभर हाडांची म्हातारी तसूभर हलली नाही. पुन्हा ओढलं. ती कळवळली. त्याने हात सोडले.

“माणसं घेऊन येतो,” तो म्हणाला.

बूट दहा पावलांवर होते.

म्हातारी त्याच्या पायांकडे बघून रडायला लागली.

“बूट काढा म्हणलं मी. मीच म्हणलं.”

केशव जागीच उभा होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या टाचा दुखत नव्हत्या.