कोडं क्रमांक चारशे बारा

मी एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्या नोकरीनं दोन सवयी अंगात मुरवल्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, आणि नकाशा कुठलाही असो, तो खालच्या हद्दीच्या दगडापासून वर काढत जायचा. मेडशीला एकदा दोन सख्ख्या भावांनी हातभर बांधापायी माझ्यासमोर कुऱ्हाडी काढल्या होत्या. त्या दिवशीही मी खालच्या कोपऱ्यापासूनच सुरुवात केली होती.

आता निवृत्त होऊन वाशीमला राहतो. मला एकच नाद आहे, बुद्धिबळाची कोडी रचण्याचा. खेळायला मला आवडत नाही, समोर माणूस लागतो. कोड्यात माणूस लागत नाही. पटावर पाच-दहा सोंगट्या अशा मांडायच्या की पांढऱ्यानं दोन चालींत मात द्यावी, आणि त्यातली पहिली चाल जगात एकच असावी. दुसऱ्या एखाद्या चालीनंही मात होत असेल तर कोडं नासलं. मग एखादं प्यादं एक घर सरकवायचं, पुन्हा तपासायचं. कधी आठवडा जातो. आणि मग एखाद्या क्षणी सगळं जागच्या जागी बसतं, छातीत खुट्ट होतं, कडी लागावी तसं.

ते खुट्ट मला फार मोलाचं आहे. माझी बायको गंगू दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. जेवणाला चव लागायची नाही, पण जेवत होतो. मुलगी नीलिमा अकोल्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिचा रोज फोन यायचा, मी बोलायचो. घरात चहा करणं तेवढं बंद केलं, कारण तो गंगूचा प्रांत होता. बाकी सगळं सुरू होतं आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं. फक्त आठवड्यातून एकदा खुट्ट व्हायचं. तेवढ्यावरून कळायचं की मी अजून आहे.

इथल्या एका साप्ताहिकात आठ वर्षं माझं कोडं छापून येतं. पहिलं कोडं मी पोस्टकार्डावर काढून पाठवलं होतं, पुढे तीच पद्धत पडली. कोऱ्या कार्डावर चौकटी आखायच्या, खालच्या ओळीपासून सोंगट्या भरायच्या, काळ्यांभोवती गोल करायचा आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढायचा. बुद्धिबळाच्या पटाला उत्तर-दक्षिण नसते हे मला कळतं, पण मोजणीवाल्याचा हात त्या बाणाशिवाय थांबत नाही. बुधवारी मी ते कार्ड स्वतः नेऊन संपादक धनराजभाऊंच्या हातात देतो. छापताना ते बाण काढून टाकतात.

माझ्या घरच्या पत्त्यावर उत्तरं पाठवणारे वाचक मोजके. त्यातला एक सेवालाल चव्हाण, पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा. गंगू गेली त्या महिन्यापासून त्याची कार्डं येऊ लागली. वाकडंतिकडं अक्षर, वर कोड्याचा क्रमांक, खाली पहिली चाल. एकदाही चुकला नाही.

पूर्वी त्याचं कार्ड अंक निघाल्यावर आठ दिवसांनी यायचं. मग चार दिवसांनी येऊ लागलं. या पावसाळ्यात ते अंकाच्याच दिवशी आलं. टपालवाल्यांनी कामाचं मनावर घेतलं असेल, असं मी म्हटलं.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी कार्ड आलं: ‘क्र. ४०७. घोडा सी-४.’

चारशे सातवं कोडं अजून माझ्या पटावर होतं. त्याची पहिली चाल हत्तीची होती. बिचाऱ्यानं आकडा चुकवला असं समजून मी कार्ड बाजूला ठेवलं. मंगळवारी तपासताना सापडलं की वजिरानंही मात होते आहे. कोडं नासलं होतं. मी एक प्यादं सरकवलं, वजिराची वाट बंद झाली, पण हत्तीचीही झाली. उंट हलवला. दुपारपर्यंत खटपट केली. शेवटी एकच वाट उरली, घोडा सी-चार.

खुट्ट झालं नाही.

एकदा घडतं त्याला योगायोग म्हणतात. पुढच्या सोमवारी आलेलं कार्ड मी न वाचता तांदळाच्या डब्याखाली पालथं ठेवलं. कोडं रचलं, मुद्दाम त्यात घोडा घेतलाच नाही. बुधवारी ते धनराजभाऊंना देऊन आलो आणि मगच डबा उचलला. ‘क्र. ४०८. हत्ती एच-३.’ बरोबर होतं.

मला भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. राग आला, तोही थोडासा. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती आणि ती कुणीतरी माझ्याआधी उघडून ठेवत होतं. मी फक्त जाऊन उघड्या दारातून आत पाहत होतो. खुट्ट परत हवं असेल तर हा माणूस भेटायला हवा होता.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघालो. मंगरूळपीर, मानोरा, मग पोहरादेवी. सोयाबीन निघून गेलं होतं, रानात नुसती तूर पिवळ्या फुलोऱ्यावर उभी होती. पोहरादेवीहून तांड्यापर्यंत पायी गेलो. उसाची तोड सुरू झाल्यामुळे तांडा रिकामा होता. दाराला कुलपं, ओट्यांवर उलट्या टेकवलेल्या बाजा. एकाच घराचं दार उघडं होतं आणि दारात एक बाई तूप कढवत बसली होती. ती सेवालालची बायको, गोमतीबाई.

“कोन पाह्यजे?”

“सेवालालभाऊ. मी वाशीमहून आलो. कोड्यांचा.”

ती आत तोंड करून म्हणाली, “अजी, थे कार्डवाले साहेब आले.”

आत बाजेवर पन्नाशीचा माणूस पडला होता. उसाच्या ट्रकवरून पडल्यापासून त्याचं अंग लुळं आहे हे मला बाईनं नंतर सांगितलं. छातीवर पत्र्याचा पट, त्यावर खडूनं आखलेली घरं, आणि प्लास्टिकच्या सोंगट्या. उजवा हात तेवढा चालत होता.

“या साहेब, बसा. मी म्हन्लं येतीन एखांद्या दिवशी.”

मी सरळ विचारलं, “तुमच्याकडे आमचा पेपर केव्हा येतो?”

“पेपर?” तो हसला. “इथं कायचा पेपर येते साहेब. तुमचं कार्ड येते ना दर हप्त्याले. मी सोडवतो अन् पाठवतो. दिवस कटते माझा.”

“मी तुम्हाला कधीच कार्ड पाठवलं नाही.”

तो गोमतीबाईला काहीतरी त्यांच्या बोलीत म्हणाला. तिनं फळीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

शंभरावर पोस्टकार्डं होती. आखलेल्या चौकटी माझ्या, अक्षर माझं, काळ्या सोंगट्यांभोवतीचे गोल माझे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. मागच्या बाजूला सेवालालचा पत्ता, तोही माझ्याच अक्षरात, आणि वाशीमचा शिक्का.

ही कार्डं मी धनराजभाऊंना दिली होती. त्यांच्या टेबलाशेजारच्या तारेला ती टोचलेली असतात, चारशे आठवं कालच तिथं पाहिलं होतं. इथं तेच माझ्या हातात होतं. गंगू गेल्यापासूनचे कितीतरी दिवस मला नीट आठवत नाहीत हे खरं. मीच दोनदा काढून पाठवली असतील, असं क्षणभर धरून चाललो. मग पुढचं कार्ड उलटलं. चारशे नऊ. त्याखाली चारशे दहा. चारशे अकरा. ही मी कुणालाच दिली नव्हती, कारण ती मी अजून रचलेलीच नव्हती.

सगळ्यात खाली चारशे बारा होतं.

“थे अर्धंच आलं साहेब,” सेवालाल म्हणाला. “चारच ओळी हायेत. वरतं सगळं कोरं. काळा राजाच नाई त सोडवू कसं? मी तुमच्या दुसऱ्या कार्डाची वाट पाहून राह्यलो.”

खालून चार ओळी भरलेल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात पांढरा राजा, त्याच्या शेजारी हत्ती, तिसऱ्या ओळीत दोन घोडे, चौथीत एकटं प्यादं. पाचवीपासून पुढे काही नव्हतं. बाणही नव्हता, कारण बाण मी सगळ्यात शेवटी काढतो. उजव्या कडेला कपाचा तपकिरी गोल डाग होता.

“गोमतीबाईंनी चहा ठेवला का यावर?”

“नाई साहेब,” दारातून ती म्हणाली. “आलं तसंच हाये.”

मला जरा हायसं वाटलं. माझ्या घरात दोन वर्षांत चहा झालेला नाही. म्हणजे हे कार्ड माझं नव्हे.

मग मी ते उलटलं. याच्यावरचा पत्ता माझ्या अक्षरात नव्हता. ‘चव्हाण’मधला ‘च’ गोल, पोटात गाठ मारलेला होता. तसा ‘च’ नीलिमा काढते. शाळेत त्यावरून तिनं छड्या खाल्ल्या होत्या.

“साहेब,” सेवालाल हळूच म्हणाला, “याच्यानंतर एकबी कार्ड नाई आलं. तुमची तब्येत बरी हाये ना?”

मी बरी आहे म्हटलं. गोमतीबाईनं जेवूनच जायला लावलं. बाजरीची भाकर होती, ताजं तूप होतं. निघताना मी गठ्ठा परत पिशवीत घालून दिला. चारशे बारावं मागितलं नाही.

चारशे नऊ, दहा आणि अकरा मी तीन आठवडे आठवणीतून उतरवून दिली. रचायचं काही नव्हतंच. सोमवारी सेवालालची उत्तरं यायची, ती मी वाचतही नव्हतो.

चौथ्या सोमवारी कार्ड आलं नाही. दाराची फट रिकामी होती. मी दोनदा जाऊन पाहिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एकच कोडं असं आहे ज्याचं उत्तर कुणाकडेही नाही. सेवालालला ते सुटलं नाही. ते अजून बंद होतं. ते माझं होतं.

मी थांबू शकलो असतो. धनराजभाऊंना सांगितलं असतं की बास झालं, तर त्यांनी त्या जागेत खताची जाहिरात टाकली असती. दोन दिवस पटाला हात लावला नाही. ते दोन दिवस कसे गेले सांगता येणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. नीलिमाशी फोनवर काय बोललो कोण जाणे, ती म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज मले बरा नाई वाटून राह्यला. मी रजा टाकून येतो.”

बुधवारी सकाळी मी पट मांडला. कार्डावरच्या मांडणीपासून दूर राहायचं असं ठरवून पांढरा राजा मधोमध ठेवला. तिथं दुसरी वाट निघत होती. राजा सरकवला, पुन्हा निघाली. अकरा वाजता तो डाव्या कोपऱ्यात होता. हत्ती त्याच्या शेजारी आला, कारण दुसरीकडे तो चालतच नव्हता. घोड्यांचं आणि प्याद्याचंही तसंच झालं. मग फक्त काळा राजा उरला. त्याला मी एका घरात ठेवला आणि सगळ्या वाटा तपासल्या. एक उरली. एकच.

खुट्ट झालं.

किती दिवसांनी. मला वाटतं मी मोठ्यानं हसलो. भूक लागली. खिडकीतून कुणाच्या तरी फोडणीचा वास येत होता, तो मला आला.

मी कोरं कार्ड घेतलं, चौकटी आखल्या आणि खालून भरायला लागलो. चौथ्या ओळीतलं प्यादं काढून झालं आणि दार वाजलं.

नीलिमा होती. पिशवी ठेवली, घरभर फिरली, स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, घरात चहापत्तीबी नाई? कोनी आलं-गेलं त काय देता तुमी?” मग स्वतःच म्हणाली, “मले वाटलंच होतं. मी आणली संगं.”

स्टोव्हवर आधण ठेवल्याचा आवाज आला. मी पेन हातात धरून बसलो होतो. मी उठून कार्ड दुसरीकडे ठेवू शकत होतो. तिला सांगू शकत होतो की मी चहा सोडला.

ती दोन कप घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवला, उजव्या हाताला.

“घ्या पैले. नंतर करजा थे.”

मी कप उचलला. चांगला झाला होता, आलं घातलेलं होतं. कार्डाच्या कडेला गोल उमटला होता. नीलिमानं तो पदरानं टिपायला घेतला, मी म्हटलं राहू दे.

“पोस्टात टाकाचं हाये का हे? पत्ता त कोराच हाये. सांगा, मी लिवून ठेवतो. परत जाताना टाकीन डब्यात.”

तिच्या कानाशी चार पांढरे केस दिसले. ती चाळिशीची झाली आहे. ती इथून गेली की तिला फोन करायला कुणी उरणार नाही, हे मला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही.

मी तिला पत्ता सांगितला, पिनकोडसकट.

ती आता भाजी आणायला गेली आहे. तेवढ्या वेळात हे वहीत लिहून काढलं, कारण मोजणी झाली की टिपण ठेवायचं असतं. कार्ड समोर आहे. उलटून पाहिलं, ‘च’ गोल आला आहे. काळा राजा सहाव्या ओळीत आहे, आणि त्याचं घर मला सोडून कुणालाही ठाऊक नाही.

आता पाचवी ओळ.