दुसऱ्यांचा धूर

जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईच्या दुकानात नियम एकच होता: आत सिगारेट ओढायची नाही. तिच्या वडिलांनी याच दुकानातल्या बाकावर बसून तीस वर्षं सिगारेटी ओढल्या आणि शेवटची चार वर्षं नुसती खोकण्यात काढली. ते गेल्यावर तिने भिंती खरवडून नव्याने रंगवल्या. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्याला सिगारेट विझवूनच आत यावं लागे. लोक तिला मागून फौजदारीण म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

एका सकाळी शाळेत गाणं शिकवणारी एक बाई ॲकॉर्डियन घेऊन आली. पेटीचं झाकण उघडण्याआधीच वास आला, शिळा आणि कडवट. पांढऱ्या पट्ट्या चहात बुडवून काढल्यासारख्या पिवळ्या पडल्या होत्या.

"कुणाचा हा?"

"माझ्या वडिलांचा."

"फार ओढायचे वाटतं."

"एकही नाही, आयुष्यात." शिक्षिका म्हणाली. "एका हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायचे. चाळीस वर्षं. ओढायची ती समोर बसलेली माणसं. फुप्फुसं मात्र बाबांची गेली." तिने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "मी वाजवायला घेतला की दोन मिनिटांत मलाही दम लागतो. डॉक्टरांना काही सापडत नाही. भाऊ म्हणतो, टाकून दे. पण मला दुसरा नकोय हो. हाच वाजवायचाय."

"टाकायचं काही कारण नाही," फौजदारीण म्हणाली. "आठ दिवसांनी या."

धूर वाद्याचा कसा घात करतो ते तिला तोंडपाठ होतं. चिकट थर धातूच्या पात्यांवर बसतो, पाती जड होतात, सूर उतरतो. आतली कातडी कडक होते. भात्याच्या घड्यांमधलं कापड तर धूर पिऊनच बसतं. तिने एकेक पातं स्पिरिटने पुसलं, कातडी बदलली, पट्ट्या घासून पांढऱ्याफेक केल्या. संध्याकाळी दुकान बंद करताना कसलाच वास नव्हता.

सकाळी पट्ट्या पुन्हा पिवळ्या होत्या.

तिला वाटलं, आतून काहीतरी पाझरलं असेल. तिने पुन्हा सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र तिने जुना भाता काढून फेकून दिला आणि कोरा बसवला, नवा पुठ्ठा, नवं कापड. भर दुपारी ॲकॉर्डियन गळ्यात अडकवून तिने भाता ओढला आणि दाबला. पट्ट्यांच्या फटींतून निळसर धुराची बारीक रेघ वर आली.

शेजारचा शिंपी दारात उभा होता. त्याने ते पाहिलं.

"ताई, जाळून मोकळ्या व्हा."

"मी वाद्यं दुरुस्त करते, जाळत नाही."

"अहो, पण हे काही बरं लक्षण नाही."

"बरं असो नाहीतर वाईट, घेतलेलं काम मी सोडत नाही," ती म्हणाली. शिंपी निघून गेला आणि त्या आठवड्यात पुन्हा फिरकला नाही.

ती विचार करत बसली. भाता उघडला की हवा आत घेतो, मिटला की सोडतो. या वाद्याने चाळीस वर्षं घेतलं होतं. सोडायचं राहून गेलं होतं. ठीक आहे. राहिलंय तर आता सोडेल.

रोज दुपारी ती दारं-खिडक्या सताड उघडायची आणि वाजवायला बसायची. पहिल्या दिवशी इतका धूर निघाला की समोरची भिंत दिसेना. डोळ्यांतून पाणी वाहिलं, छाती धुराने कोंडली. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी धुराबरोबर आवाज आले. टेबलावर ग्लास ठेवल्याचा. खुर्ची सरकल्याचा. गाणं संपल्यावर तीन-चार जणांनी आळसावून वाजवलेल्या टाळ्या.

तिने वर पाहिलं. दुकान रिकामं होतं.

"आणखी एक," कुणीतरी म्हणालं.

"एक काय, सगळीच ऐका," ती म्हणाली, "आणि मग चालू लागा."

तिसऱ्या दिवशी खोकला आला. एकाचा नव्हे, पुष्कळांचा. तिने सूर चढवला. खोकला वाढला. तिने आणखी चढवला.

खांदे भरून आले.

बोटं सुजली.

चौथ्या दिवशी पाचच्या सुमाराला भाता मिटला आणि बाहेर आली ती नुसती हवा.

ठरल्या दिवशी शिक्षिका आली. पट्ट्या दुधासारख्या होत्या. तिने उभ्यानेच वाजवायला घेतला, आधी भीतभीत, मग डोळे मिटून. अर्धा तास वाजवूनही दम लागला नाही. थांबली तेव्हा गाल ओले होते.

"काय केलंत?"

"साफ केला," फौजदारीण म्हणाली. "आता रोज वाजवा. पडून राहू देऊ नका."

फौजदारीण तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. परतली तेव्हा दुकानाच्या फरशीवर राखेचे लहान लहान ढीग पडले होते. चिमूटभर, पण नीट ओळीत. सहा रांगा, खुर्च्या मांडाव्यात तेवढ्या अंतरावर.

तिने झाडू घेतला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. घाई केली नाही. पाच रांगा झाडून झाल्या. सहावीतला शेवटचा ढीग सुपलीत भरला तसा पुन्हा तिथे चिमूटभर राख दिसली. तिने तीही भरली. पुन्हा दिसली.

ती कंबर सरळ करून तिथेच उभी राहिली आणि त्या जागेवर, खुर्चीत बसून ओढणाऱ्याच्या हाताखाली येईल इतक्या उंचीला, तळहात पसरून धरला.

बघू, आधी कोण कंटाळतं.

थोड्या वेळाने तळहातावर राख पडली. गरम होती. तिने हात काढला नाही.