चावी कोणाच्या हातात?

मनोरीतल्या त्या कौलारू घराच्या भिंतीला मी ओल मोजायचं यंत्र टेकवलं, आणि पलीकडून कुणीतरी टकटक केली.

"आत कोण आहे?" मी दचकून विचारलं.

"भिंतीत? कोणी नाही. गिलावा पोकळ आहे का बघतोय."

खिडकीतून एक चेहरा डोकावला. कपाळावर चुन्याचा ठिपका आणि हसू असं, की...

तो कुंडलिक. बोरिवलीचा, छपरांवर सौर पॅनेल बसवणारा. मी दर्शना, मुलुंडची, अंधेरीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. दोघांनाही तेच घर हवं होतं, दुरुस्त करून सुटीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायला. आणि एकट्याला ते परवडणारं नव्हतं. मालकीण सगुणामावशी मासळी साफ करता करता म्हणाली, "मंग दोगांनी मिलून घ्या ना!"

मिळून, पण कोणाच्या नावावर? पुढचे कितीतरी रविवार यातच गेले.

"दोघांच्या नावावर घेऊ. सिंपल," जुहूला भेळ खाताना तो म्हणाला.

"उद्या तुझ्या धंद्याची वाट लागली आणि बँकेने तुझा हिस्सा जप्त केला तर?"

"मग भागीदारी?"

"त्यात फर्मचं सगळं देणं एकट्या माझ्याकडूनही वसूल होऊ शकतं."

"प्रायव्हेट लिमिटेड?"

"एका घरासाठी? दरवर्षी ऑडिट, वर सभा. सभेला कोण, तू आणि मी?"

"दरवर्षी कशाला? दर आठवड्याला घेऊ ना."

मी भेळेत मिरची शोधू लागले. कान तापले होते.

मला एलएलपी हवी होती, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. घर तिच्या नावावर, आणि एकाच्या चुकीचं ओझं दुसऱ्यावर नाही. भाड्यावर कर जास्त बसला तरी चालेल. शिवाय करारात एक कलम हवं होतं: एकाला सोडून जायचं असेल, तर त्याचा हिस्सा आधी दुसऱ्याला विकायचा.

मार्व्याच्या जेट्टीवर मी हे सांगितलं.

"आत्तापासूनच निघायचा रस्ता आखतेयस?"

"घाटकोपरला बाबा आणि काकांचं दुकान होतं," मी म्हटलं. "काहीच ठरवून न घेतलेलं. काकांना विकायचं होतं, बाबांना नाही. दुकान गेलंच, पण काका दिवाळीला यायचेही थांबले. मला घर जायची भीती नाही रे... मला —"

मी बोटीच्या तिकिटाची घडी घालू लागले.

मनोरीची फेरीबोट लागली. माणसं चढली, स्कूटर चढल्या. तो जागचा हलला नाही. बोट सुटली.

"मग कलम असू दे," तो हळूच म्हणाला. "नीट, घट्ट लिही. पण मी थांबलो, तर ते कलमामुळे नसेल. ते काही लिहू नकोस. ते मी तोंडी सांगेन."

"कधी?"

"सांगेन ना."

खरेदीखत झालं. घराचा ताबा देताना सगुणामावशीची रीत होती: चावी मूठभर तांदळासकट मालकाच्या ओंजळीत द्यायची.

"मालक कोन?"

"एलएलपी," मी म्हणाले.

"मंग बलव तिला."

"ती कागदावर असते, मावशी."

"कागदाला हात हाय? हातवाला कोनतरी उभा करा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुंडलिकने ओंजळ धरली. मी खालून माझी लावली. तांदूळ त्याच्या बोटांतून माझ्या तळव्यात निसटले. मावशी पदर सावरत गेली, तरी हात तसेच राहिले.

"आता सांगू?" तो म्हणाला.

"तांदूळ सांडतील."

"सांडू देत. मी थांबतोय, दर्शना. घर राहो, न राहो."

"मला पण... तूच हवायस."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी ओलीचा आकडा मी वाचलाच नाही. तू खिडकीत आलास, आणि —"

"एक मिनिट. म्हणजे घर ओलं असू शकतं?"

"असेल."

तो इतका हसला, की चावी खणकन उंबऱ्यावर पडली. ती उचलायला आम्ही दोघंही एकदमच वाकलो.