प्रिंटवरचा फाटा

अनुराधाची नवी सायकल आमच्या साकेत नगरच्या घरात जिन्याखाली उभी असते. टायर माझ्या मनगटाएवढे जाड, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या, खडीच्या वाटांनी जंगलात हिंडायला अशी सायकल लागते, हे माझ्या नातीने मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, "आम्ही तेच साध्या लेडीज सायकलवरून करत होतो."

"आजी, तू? सच में?"

मग मी ट्रंकेतून जुने नकाशे काढून दिले. केरवा, मेंडोरा, कठोतियाच्या टेकड्या. ती जमिनीवर मांडी घालून एकेकाचा मोबाइलवर फोटो काढत बसली. एक नकाशा मी मांडीखाली सरकवला, तो तिने पाहिला.

"ये वाला क्यों नहीं?"

"त्यातला रस्ता चुकीचा आहे."

"रस्ता चुकीचा कसा असेल, आजी? एक तर असतो, नाही तर नसतो."

तिला तोंडाने उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आम्ही पिपलानीला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. माझे यजमान नरहर बारलिंगे टेस्टिंगला होते. मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं चित्र ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवायचं, त्यावरून अमोनियाच्या वाफेवर प्रिंट काढायची, आणि ती प्रिंट कारखान्यात यंत्रांच्या शॉपमध्ये जायची. दिवसभर डोळे चुरचुरायचे. ट्रेसरने रेघ गिरवायची, रेघ का आहे ते विचारायचं नाही. बदल आला तर कोणीतरी सांगितला असणार, एवढं धरून चालायचं.

यजमानांना सायकलचा नाद. थंडीत दर रविवारी हे, मी आणि शेजारच्या क्वार्टरमधले दिगंबर वैरागडे असे तिघं निघायचो. दिगंबरभावजी नागपूरचे, जिभेला हाड नसलेले. त्यांची बायको म्हणायची, ज्याला घरात गादी आहे तो जंगलात कशाला पाठ मोडून घेईल? हे प्रत्येक वाट वहीत टिपून आणायचे, मी ती ट्रेसिंगवर घ्यायची आणि ऑफिस सुटल्यावर तीन प्रिंट काढायची.

जानेवारीतल्या त्या शनिवारी प्रिंट काढल्या तेव्हा मेंडोऱ्याच्या पुढे, नाला ओलांडल्यावर, डावीकडे एक फाटा दिसला. तुटक रेघेने दाखवलेला, टेकडीला वळसा घालून पुन्हा मुख्य वाटेला मिळणारा. रेघ माझ्या हाताची होती. मला गिरवल्याचं आठवेना. पण त्या दिवसांत ओव्हरटाइम फार होता. ह्यांनी सांगितलं असेल, मी काढला असेल, असं मनात म्हटलं आणि प्रिंट घडी करून पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी नाल्याच्या दगडांवरून सायकली उचलून पलीकडे नेल्या. हे म्हणाले, "दिगंबर, हा फाटा तू शोधलास वाटतं?"

"मी? मला वाटलं तुम्ही. मी तर प्रिंट बघून खूश झालो, मोठा चढ वाचतो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटकडे पाहिलं. फाटा समोरच होता. गाडी जाईल एवढा रुंद, लालसर मुरमाचा, कडेला दगड लावलेले.

"आहे ना? मग चला," हे म्हणाले.

सुरुवातीला छान वाटलं. सागाची पानं वाळून कागदासारखी झालेली, त्यावरून चाक गेलं की कुरकुर व्हायची. उतार हलका होता, पायडल मारावं लागत नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की कुरकुर थांबली आहे. पानं होती, चाकं फिरत होती, आवाज नव्हता. मी घंटी वाजवून पाहिली. वाजली, पण रुमालात गुंडाळून वाजवल्यासारखी.

"वहिनी, वाघाला उठवू नका," भावजी मागून म्हणाले. नेहमीसारखे हसले नाहीत.

उतार संपेना. टेकडीला वळसा घालायचा तर कुठेतरी चढ यायला हवा होता. अर्धा तास आम्ही खालीच जात होतो. उन्हाची तिरीप माझ्या डाव्या खांद्यावर पडली होती, ती तिथेच राहिली. मग झाडी विरळ झाली आणि हे ब्रेक लावून थांबले.

समोर क्वार्टरची लाइन होती.

आमच्यासारखीच. पिवळा रंग, चुन्याची पट्टी, पुढे दोन पायऱ्या, बाजूला धुण्याचा दगड. सात-आठ घरं, एकाला एक लागून. दारांवर नंबरच्या पाट्या होत्या, पांढऱ्या रंगवलेल्या. नंबर अजून घातलेले नव्हते. दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मोहरी तडतडल्याचा वास आला. माणूस दिसेना. कुत्रं नाही, कावळा नाही.

"पाटबंधारेवाल्यांचा कॅम्प असेल," भावजी म्हणाले. "धरणाचं काही चाललं असेल."

"पाणी मागून आणतो," हे म्हणाले. आमची बाटली रिकामी झाली होती.

"नको, परत फिरू या," मी म्हटलं.

"पाणी मागायला काय जातं? दोन मिनिटं."

तिसऱ्या घराचं दार अर्धवट उघडं होतं. ह्यांनी कडी वाजवली, "कोणी आहे का?" म्हणाले आणि चपला पायरीवर काढून आत गेले. आत बादलीत नळाची धार पडत होती, ती बंद झाली.

आम्ही थांबलो. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पंचवीस झाली. पस्तीस झाली.

"चहाला बसवलं वाटतं," भावजी म्हणाले. पण सायकलजवळून हलले नाहीत. मी पायऱ्यांच्या दिशेने दोन पावलं टाकली तसा त्यांनी हात आडवा घालून अडवलं. "वहिनी, तुम्ही नका जाऊ. इथूनच हाक मारा."

मी हाक मारली. "अहो!"

मी आणखी जोरात म्हटलं,

"अहो, ऐकलंत का? चला आता."

"नाव घेऊन मारा की," भावजी दबक्या आवाजात म्हणाले. "नुसतं अहो काय? कोण समजणार?"

लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी ह्यांचं नाव एकदाच घेतलं होतं, उखाण्यात, चारचौघींनी दार अडवल्यावर. तोंड उघडलं, जीभ टाळूला लागली, पण नाव येईना. आमच्यात घेतच नाहीत. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने लहानपणापासून कानात घातलेलं.

"तुम्ही मारा ना हाक," मी म्हटलं.

भावजींनी नकारार्थी मान हलवली.

मी पुन्हा ओरडले. "अहो! अहो, बाहेर या! अहो!"

"आलो," आतून आवाज आला.

ते बाहेर आले. तिसऱ्या दारातून नव्हे, चौथ्या.

ओले हात पँटला पुसत होते. अनवाणी होते. "आतून जोडलेलं आहे," म्हणाले. चपला तिसऱ्या घराच्या पायरीवर होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग त्या दिसल्यावर जाऊन घातल्या.

"पाणी?" मी विचारलं.

"नाही मिळालं."

तिन्ही सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. ते क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग भावजींच्या सायकलीला हात घातला.

"बारलिंगे, ती माझी."

"हो की," ते म्हणाले आणि हसले. हसू तेच होतं. उजवीकडचा पुढे आलेला दातसुद्धा.

परतीची वाट चढाची नव्हती. वीस मिनिटांत नाला आला.

सोमवारी मी मूळ ट्रेसिंग काढून दिव्यावर धरलं. फाटा नव्हता. खोडलेला नव्हता, काढलेलाच नव्हता. कापडावर जी रेघ नाही ती प्रिंटवर उतरत नाही. ऑफिसातल्या पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला मी विचारलं, ती म्हणाली, "डोळे तपासून घे."

पुढच्या रविवारी भावजींनी ताप आहे म्हणून निरोप पाठवला. पुन्हा ते कधीच आमच्याबरोबर आले नाहीत. वर्षभरात बदली मागून हरिद्वारला गेले. निघताना मला म्हणाले, "मी हाक मारायला हवी होती, वहिनी," आणि टांग्यात बसले.

संसार नीट झाला. हे खरं सांगते. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. सुधाकर झाला, त्याच्या मुंजीत पंगती वाढल्या, त्याच्या पोरीला, अनुराधाला, खांद्यावर घेऊन बागेत फिरवलं. फक्त आमच्या लग्नातली काही गंमत मी सांगायला लागले की ते हातातलं काम ठेवून ऐकत. पाहुणा दुसऱ्याच्या घरची हकिकत ऐकतो तसं, लक्ष देऊन. "मग काय झालं?" असं विचारत.

आणि त्या जानेवारीनंतरच्याच उन्हाळ्यात आम्ही अमरावतीला गेलो होतो. सासूबाईंनी लेकाला जन्मभर अरे-तुरे केलेलं. त्या पोळी वाढायला वाकल्या, पानावर बसलेल्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घ्या, अजून एक घ्या." स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे बसल्या. पोळी तव्यावर करपली तरी उलटली नाही.

मी विचारलं नाही. एकोणचाळीस वर्षं. रेघ का आहे ते ट्रेसरने विचारायचं नाही.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत ते इथल्या मोठ्या रुग्णालयात होते. दुपारची वेळ होती, सुधाकर औषधं आणायला खाली गेला होता. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. श्वास लांब लांब होत चालला होता. आता आयुष्य कमी व्हायचं काही राहिलं नाही, असं वाटलं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं.

"नरहर."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. मी कुणाला हाक मारली ते बघत होते. बराच वेळ बघितलं. मग माझा हात हलकेच थोपटला, मी रडत होते म्हणून.

"तेव्हा घ्यायचं होतंस," ते म्हणाले. "तो माझ्या मागेच उभा होता."