गव्हर्नरचा चार्ज

"हसू नका. उद्धवराव माह्याच कचेरीतले. अन् गाडी चालवत होता तो त्यांचा पोरगा, हेरंब," शामराव म्हणाले. लाइट गेली होती. दुकानाच्या पायऱ्यांवरची पोरं जवळ सरकली.

मागच्या पोळ्याची अमावस्या. हेरंब पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनला इतिहास शिकवून नुकताच घरी परतला होता. परक्याचं राज्य माणसावर कसं बसतं, हे भीमपूरच्या शाळेतल्या पोरांना त्याला दाखवायचं होतं. तिथल्या बाजारात मिळालेला एका इंग्रज गव्हर्नरचा जुना फोटो त्यानं आदिलाबादेत फ्रेम करून घेतला, मागच्या सीटवर ठेवला, आणि रात्री दहाला बापलेक भीमपूरला निघाले.

"हा साहेब किती वर्षं होता तिथं?" उद्धवरावांनी विचारलं.

"वर्षभरही नाही, बाबा. तापानं गेला. बरेच गव्हर्नर तसेच गेले. नव्याचं जहाज येईपर्यंत चार्ज कुणा हंगामी माणसाकडं."

उद्धवरावांचा जन्म तहसील कचेरीत गेलेला. त्यांनी मागं वळून फोटोला हात जोडले. "साहेब, फिकीर करू नका. नवा येईस्तोवर चार्ज माह्याकडं!"

दोघंही खूप हसले.

तामसी गाव मागं पडलं.

"एसी बंद कर रे."

"एसी लावलेलाच नाही, बाबा."

"मंग काऊन एवढी थंडी वाजून राह्यली?"

हेरंबनं त्यांच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं. दात वाजत होते. त्यानं गाडी वळवली. आदिलाबाद. दवाखाना.

"हेरंब… मांगं कोण बसलं?"

"कोणी नाही. फोटो आहे."

"फोटो नाही… श्वास घेऊन राह्यला."

हेरंबनं आरसा छताकडं फिरवला. पाहायचं नाही. दोन्हीकडं कपाशी. रस्त्यावर कुत्रंही नाही. मागची सीट करकरली.

"मंग?" पायरीवरून चंदन म्हणाला.

"मंग काय? बस गप."

उद्धवरावांचा आवाज खोल गेला. "सोडत नाही मले… दुसऱ्यानं चार्ज घेतल्याबिगर…"

"बाबा, बोलू नका."

"तू घेऊ नको. तू नको रे…"

मग काहीच नाही. छाती हलेना. हेरंबनं ब्रेक मारला. बापाला हलवलं. हाक मारली. मान लोंबली.

मागं तेवढा एक श्वास. संथ. वाट पाहणारा.

"मी घेतो," हेरंब म्हणाला.

…

मागचा श्वास थांबला. उद्धवरावांनी मोठा दम घेतला. घामानं सदरा भिजला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताप नाही.

"अन् हेरंब?" चंदननं विचारलं.

"बरा हाय," शामराव म्हणाले. "अजून तरी."

चंदननं पाय वर ओढून घेतले.

"सकाळी त्यानं मागचं दार उघडलं. फोटो जागेवर. त्याच्या बाजूले, बसणाऱ्याचे पाय टेकतात तिथं, ओली वाळू. शिंपल्याचे बारीक तुकडे होते तिच्यात. मी सोता हातात घेऊन पाह्यली… समुद्राचा खारट वास येत होता."